बाबुराव मिस्त्रींचं मशीन

अनंतराव खांबेटे लोकांच्या आशेला कंटाळले होते. गुडघ्यांना कंटाळले होतेच. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीतल्या लिफ्टलाही कंटाळले होते, कारण ती चालण्यापेक्षा ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी मिरवण्यातच धन्यता मानायची. पण खरा वीट आला होता तो लोकांच्या आशेचा. सकाळी चहा घेऊन बसावं, तर मोबाईलवर कुणीतरी फोटो टाकून ठेवलेला. कुठल्याशा जुन्या बंगल्यातून निघालेलं, गंजून तांबारलेलं जॅकपॉटचं मशीन. नाणं टाकायचं, बाजूचा दांडा ओढायचा, तीन चाकं गरागरा फिरणार, चित्रं जुळली तर खालच्या वाटीत नाणी पडणार आणि नाही जुळली तर मुकाट घरी जायचं, असा तो खेळ. फोटोखाली प्रश्न ठरलेला. काका, हे कुणी बनवलं असेल?

प्रश्न कसला डोंबलाचा! विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. मशीन अमेरिकेतलंच हवं, शिकागोचंच हवं आणि वर त्यावर कुणा मोठ्या साहेबाचा हात लागलेला हवा. अनंतरावांनी सांगितलं, की बाबा रे, पेटी एकाची, चाकं दुसऱ्याची आणि दांडा बहुतेक एखाद्या रसवंतीच्या चरकाचा, की समोरचा जणू यांनीच त्याचं घर लुटल्यासारखा रागवायचा.

पण त्यांना विचारल्याशिवाय कुणाचं चालतही नव्हतं. उभी हयात त्यांनी नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत घातली होती. रेल्वेच्या फलाटांवर वजनाचे काटे होते ना, नाणं टाकलं की वजनाचं तिकीट देणारे आणि वर आपलं भविष्यही सांगणारे, ते दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ते मेकॅनिक म्हणून लागले. पुढे क्लबांतली जॅकपॉटची मशिनं हाताखालून गेली. आता नोकरी संपली, कंपनीही संपली, पण पुण्यात जुन्या मशिनांचा शौक करणारी मंडळी वाढली आणि ती खांबेट्यांचा जिना चढू लागली. त्यांचा एक नियम होता. मशीन उघडून बघितल्याशिवाय नाव सांगायचं नाही आणि बघितल्यावर जे असेल तेच सांगायचं. फोटो बघून नाव सांगणं म्हणजे त्यांच्या मते उंटावरून शेळ्या हाकणं.

“लोकांशी जरा गोड बोललात तर जीभ झडेल का हो?” त्यांची बायको, आनंदीबाई, विचारायच्या.

“मी काय पत्रिका बघतो, गोड बोलायला?” हे अनंतरावांचं उत्तर.

तर अशा कंटाळलेल्या माणसाला मे महिन्यात एक फोन आला. फोटो नाही, सरळ फोन. प्रेमला ओव्हाळ नावाच्या बाई विश्रांतवाडीहून बोलत होत्या. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आवाज स्वच्छ, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला.

“आमच्या घरी एक जॅकपॉटचं मशीन आहे. ते कुणी बनवलं, एवढंच मला कळायला हवंय. विकायचं नाहीये.”

“विकायचं नाही, मग कशाला कळायला हवंय?”

बाई म्हणाल्या, “वडील नव्वदीचे आहेत. तुम्ही या, म्हणजे सांगते.”

अनंतराव आनंदीबाईंना म्हणाले, की या वयात, या उन्हात विश्रांतवाडीला जायला मला काय कुत्रं चावलंय? आणि दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन गेले. विकायचं नाही असं सांगणारं माणूस त्यांना कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं.

घर दोन खोल्यांचं, लखलखीत. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट, आणि कोपऱ्यात स्टुलावर चादर पांघरलेलं मशीन. आतल्या खोलीत खाटेवर प्रेमलाताईंचे वडील, बाबुराव, पडून होते. डोळे उघडे, छताकडे. प्रेमलाताईंनी मधलं दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. शाळेत मुलांना इतिहास सांगावा तसं सांगितलं.

बाबुराव कॅम्पातल्या एका क्लबात मिस्त्री होते. क्लबात जॅकपॉटची मशिनं होती, विलायतेहून आणि अमेरिकेतून आलेली. बाहेरून माल यायचा बंद झाला तेव्हा त्यांचे सुटे भाग मिळेनात. मग बाबुराव कानशीने दात पाडून चाकं करायचे, स्प्रिंगा वळायचे, नाना पेठेतल्या एका भट्टीवाल्याशी दोस्ती करून ओतकाम शिकले. असे सगळे भाग करता करता एक दिवस त्यांच्या मनात आलं, की एवढं करतो तर अख्खं मशीनच का करू नये? रविवार गेले, सणवार गेले, बायकोची बोलणी खाल्ली, आणि दोन वर्षांनी घरात एक मशीन उभं राहिलं. सेक्रेटरी साहेबाला दाखवायचं, असा त्यांचा बेत होता.

दाखवायची वेळच आली नाही. त्याच सुमाराला क्लबातलं एक मशीन नाहीसं झालं. कुणीतरी सांगितलं, की अगदी तसंच बाबू मिस्त्रीच्या घरात आहे. साहेब लोक येऊन बघून गेले. समोरच्या पत्र्यावर अमेरिकन कंपनीचं नाव स्वच्छ उठलेलं. झालं! त्या नावापुढे मिस्त्रीचं कोण ऐकतो? पोलिसांत जायची सोय नव्हती, कारण क्लबातला तो खेळच कायद्यात बसत नव्हता. मशीन रस्त्यावरून परत न्यायलाही साहेब लोक कचरले. बाबुरावांना तेवढं काढून टाकलं.

“मी अकरा वर्षांची होते,” प्रेमलाताई म्हणाल्या. “गल्लीत मला चोराची पोरगी म्हणायचे. घरी येऊन विचारलं तर बाबा एकच सांगायचे, मी बनवलंय. आई म्हणायची, बनवलंत तर त्या गोऱ्याचं नाव कशाला घातलंत त्याच्यावर? तर म्हणायचे, नमुन्यात होतं, म्हणून घातलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं हो. ती अक्षरं म्हणजे त्यांच्या लेखी वेलबुट्टी. नमुन्यातलं एक पान वगळायचं नाही, तर अक्षर कसं वगळतील?”

अशा कहाण्या अनंतरावांनी खूप ऐकल्या होत्या. घरोघरच्या आजोबांनी काही ना काही बनवलेलं असतंच.

“आयुष्यभर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला,” बाई पुढे म्हणाल्या. “लग्न नाही केलं, त्यालाही थोडं हेच कारण. सांगून आलेल्या स्थळांना कुणीतरी ही गोष्ट पोचवायचंच. पण मला वाईट वाटलं नाही, कारण मला माहीत होतं. आणि आता गेल्या दिवाळीपासून बाबा स्वतःच म्हणायला लागलेत, की ते मशीन चोरलेलं आहे. परत नेऊन दे म्हणतात. रोज. जेवत नाहीत, झोपत नाहीत. तुम्ही मला फक्त एवढं सांगा खांबेटेसाहेब, पन्नास वर्षं ते खरं बोलत होते, की आत्ता बोलतायत?”

अनंतरावांनी चादर काढली. बघताक्षणी त्यांचा जीव दमला. अमेरिकन मशीन होतं. नाव, वेलबुट्टी, नाणं टाकायची खाच, सगळं जिथल्या तिथे. असं मशीन त्यांनी डझनांनी उघडलेलं. आता या बाईंना सांगायचं आणि परत बस धरायची, एवढंच राहिलं होतं. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी मागचं दार उघडलं, समोरचा पत्रा सोडवून हातात घेतला आणि आतल्या बाजूने बोट फिरवलं.

आतली बाजू खरखरीत होती. कारखान्यातला पत्रा आतूनही असा नसतो. मग त्यांनी चष्मा बदलून नावाची अक्षरं बघितली. कडा बोथट होत्या, चार दिवस वापरलेल्या साबणावरच्या नावासारख्या. एका कोपऱ्यात वेलीचं पान अर्धं तुटलेलं होतं. त्या तुटक्या जागेवरही त्यांनी नख फिरवलं, आणि मग पुन्हा एकदा फिरवलं.

“काय झालं?” प्रेमलाताईंनी विचारलं.

“आज काही सांगत नाही. मला असलंच दुसरं एक बघायला लागेल.”

“म्हणजे आशा आहे?”

“आशेचं मला नका विचारू,” अनंतराव म्हणाले. पट्टी काढून त्यांनी मापं घेतली, पत्रा परत बसवला आणि निघाले. दारातून आतल्या खोलीतला आवाज ऐकू येत होता. म्हातारा लेकीला विचारत होता, की नेलं का ते त्यांनी.

असलंच दुसरं एक मशीन कुठे आहे, हे त्यांना ठाऊक होतं. कोरेगाव पार्कातल्या रविराज नावाच्या शौकिनाने मागच्या वर्षी त्याचे फोटो पाठवून त्यांचं डोकं खाल्लं होतं. अनंतराव आपण होऊन आले म्हटल्यावर रविराजला आभाळ ठेंगणं झालं. थंडगार दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ते मशीन ठेवलेलं, वरून दिवा सोडलेला.

“काका, एकदम ओरिजिनल पीस आहे ना? अहो, आपल्या कॅम्पातल्या क्लबचं आहे. क्लबच्या जुन्या सेक्रेटरीच्या नातवाकडून घेतलं. त्यांच्या बंगल्याच्या माळ्यावर पडून होतं म्हणे, इतकी वर्षं.”

“सेक्रेटरीच्या माळ्यावर,” अनंतराव म्हणाले.

“हो ना. लकी आहे मी.”

अनंतरावांनी पट्टी लावली. रुंदीला लावली, उंचीला लावली, नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत लावली. विश्रांतवाडीचा पत्रा प्रत्येक मापाला याच्यापेक्षा कमी भरत होता. फार नाही, अर्धं नखभर. पण सगळीकडे त्याच प्रमाणात.

आता यात जादू काही नाही. तयार वस्तू वाळूत दाबून तिचा ठसा घ्यायचा, त्यात वितळलेलं अॅल्युमिनियम ओतायचं, की धातू निवताना आकसतो आणि नक्कल मुळापेक्षा जराशी लहान निघते. कारखानदार हे धरून आपला नमुनाच मोठा करून घेतो. ज्याच्याकडे नमुना म्हणून तयार मशीनच आहे, तो बिचारा मोठं कुठून करणार? आणि कोपऱ्यातलं पान? रविराजच्या मशीनवरही ते तुटलेलं होतं, पण खरोखर तुटलेलं, कड बोटाला लागेल असं. बाबुरावांच्या पत्र्यावर ते पान कधी तुटलंच नव्हतं. ते तुटक्या आकारातच ओतलं गेलं होतं, तुटक्या जागेतही वाळूचे बारीक खडे उमटलेले होते. नमुन्यात होतं, म्हणून घातलं. म्हणजे बाबुरावांचं मशीन ज्याच्यावरून झालं, ते हेच. क्लबातून नाहीसं झालेलंही हेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं.

“काय काका, ओरिजिनल?” रविराजने विचारलं.

“ओरिजिनल आहे,” अनंतराव म्हणाले. “सगळ्याच बाबतीत.”

घरी येऊन त्यांनी आनंदीबाईंना सांगितलं. आनंदीबाई पोळ्या लाटत होत्या. त्या लाटायच्या थांबल्या. “तुम्ही कधी नव्हे ते कुणालातरी चांगली बातमी देणार तर,” म्हणाल्या, आणि स्वतःच डोळे पुसले. अनंतरावांनाही बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटत होतं. किती वर्षांत प्रथमच कुणाची आशा मोडायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते विश्रांतवाडीला गेले आणि प्रेमलाताईंना सगळं समजावून सांगितलं. पत्रा सोडवला, त्यांचं बोट धरून तुटक्या पानावर फिरवलं. बाईंनी ते पान कितीतरी वेळ चाचपलं. मग त्या जमिनीवरच बसल्या.

“आईला कळायला हवं होतं,” म्हणाल्या. “ती शेवटपर्यंत म्हणायची, खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाही.” आणि मग मात्र त्या रडल्या. तोंडावर पदर न घेता, मोकळ्या रडल्या. अनंतराव खिडकीबाहेर बघत बसले.

जरा वेळाने दोघं आतल्या खोलीत गेली. प्रेमलाताईंनी वडलांना उशीला टेकवून बसवलं. बाबुरावांनी अनंतरावांकडे नीट निरखून पाहिलं, इस्त्रीचा शर्ट पाहिला, चष्मा पाहिला, आणि हात जोडले.

“क्लबातनं आलात सायब?”

“नाही, बाबुराव. मी मशीन बघायला आलोय. ते तुमचं आहे. तुम्ही बनवलंय. मी मापून बघितलं.”

बाबुराव शांतपणे ऐकत होते. अनंतरावांनी पत्रा त्यांच्या मांडीवर ठेवला, ओतकामाचं सांगितलं, आकसण्याचं सांगितलं. मिस्त्रीला हे मी सांगतोय, म्हणून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. शेवटी त्यांनी म्हाताऱ्याचं बोट तुटक्या पानावर ठेवलं. “हे बघा. हे तुटलेलं नाही. असंच ओतलंय. तुमच्या हातचं आहे.”

बाबुरावांनी पान चाचपलं. “तुटलंय की,” ते म्हणाले. “माझ्याच हातनं तुटलं असंल. भरून द्याय पायजे.”

“बाबा, ऐका ना जरा. ते तुमचं आहे म्हणतायत.”

“अगं, नाव कुणाचं हाय त्याच्यावर? सगळे साहेब लोक वाचून गेले. एवढी शिकलेली माणसं खोटं वाचतील होय?” मग ते अनंतरावांकडे वळले आणि अगदी समजुतीने बोलले. “तुम्ही भले माणूस. म्हाताऱ्याचं मन राखायला बोलताय. पण खोटं बोलू नये. घेऊन जा ते. मला चोर म्हणून मरायचं नाही.”

आता बोला. जन्मात कधी कुणाचं मन राखायला नाव सांगितलं नाही, त्या माणसाच्या तोंडावर हे. अनंतराव तसेच उठून बाहेरच्या खोलीत आले आणि खुर्चीत बसले. त्यांना राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. साहेब लोक मेले होते, क्लब बंद झाला होता. बाहेर भंगारवाला ओरडत चालला होता आणि तोही गेला.

प्रेमलाताई मागून आल्या. मधलं दार लोटलं. त्यांचा आवाज आता शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा नव्हता.

“तुम्ही क्लबातले व्हाल?”

अनंतरावांना समजलं, पण ते म्हणाले, “म्हणजे?”

“मशीन परत मिळालं म्हणून सांगा. ते नेल्याशिवाय बाबा सुटायचे नाहीत.”

“ताई, अहो, काल-परवापर्यंत मला माहीत नव्हतं, तेव्हा सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आता मला माहीत आहे. त्यांनी चोरलेलं नाही. मी कोण त्यांना चोरीचं परत घेतलं म्हणून सांगणारा? आणि तुम्ही? पन्नास वर्षं तुम्ही याच्यासाठी थांबलात.”

“मला मिळालं ना,” बाई म्हणाल्या. “माझं मला मिळालं. त्यांना ते नकोय. त्यांना झोप हवीय.”

अनंतराव खूप दमले होते. जिन्यांनी दमले होते, बसने दमले होते, आणि खरं म्हणजे खरेपणानेही दमले होते. ते उठले, शर्ट नीट केला आणि आत गेले. बाबुरावांनी पुन्हा निरखून पाहिलं आणि हात जोडले, जणू पहिल्यांदाच बघत होते.

“क्लबातनं आलात सायब?”

“हो,” अनंतराव म्हणाले. “मशीन मिळालं, बाबुराव. आम्ही घेऊन जातोय. सगळं ठीक आहे.”

“माफ केलं?”

अनंतरावांनी प्रेमलाताईंकडे बघितलं. त्या उशीचा अभ्रा सारखा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“केलं,” अनंतराव म्हणाले.

म्हाताऱ्याने मोठा श्वास सोडला आणि मान उशीवर टेकली. चेहरा सैल पडला, जोडलेले हात सुटून मांडीवरच्या पत्र्यावर आले. अंगठा सवयीने अक्षरांवरून, वेलीवरून फिरत राहिला. प्रेमलाताईंनी पत्रा उचलून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा ते बोलले. आवाजात आता भीती नव्हती, दोन कारागीर चहाला बसल्यावर बोलतात तसं काहीतरी होतं.

“चांगलं मशीन होतं सायब. मी एकदा हुबेहूब असलंच बनवलं होतं. कोण इश्वास ठेवणार म्हणा. कुठं गेलं, काय की.”

“असेल बाबा, इथंच कुठंतरी,” प्रेमलाताई म्हणाल्या, आणि पत्रा त्यांच्या हाताखालीच राहू दिला.